चिखल सरांची दावण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या सॉफ्टवेअरमुळे लोक मला ओळखतात, ते मी लिहिलेलं नाही. ते चिखल सरांनी लिहिलं.

चिखल सर हे नाव पोरांनी ठेवलेलं. लातूरच्या ज्या कॉलेजात मी नवा मास्तर म्हणून लागलो, तिथे ते फिजिक्स शिकवायचे. पोटरीपर्यंत चिखल वाळलेली पँट घालून वर्गात यायचे, आणि फळ्याकडे जाताना मागे ढेकळं गळत जायची. प्राचार्यांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "साहेब, हे प्रॅक्टिकल हाय. धुतलं की रीडिंग जातंय."

सरांना व्हिडिओ गेम खेळता येत नव्हता. कॉम्प्युटर लॅबमध्ये पोरं चोरून गाड्यांचा गेम खेळत होती, तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरची गाडी दगडावर आपटली आणि कापसासारखी उडाली. "हे काय करायलंय रे? एवढं लोखंड असं उडतंय व्हय?" पोरांना वाटलं, आता बाहेर काढणार. सरांनी खुर्ची ओढली, बसले आणि म्हणाले, "परत आपट."

गेममध्ये चित्र काढणारा वेगळा असतो. पण गाडी कशी उलटेल, भिंत कशी कोसळेल, चाक कुठे घसरेल, याचा हिशेब एक वेगळं सॉफ्टवेअर करतं. सर त्या दिवसापासून तो हिशेब लिहायला बसले, ते चार वर्षं. आकडे पुस्तकातून उचलायचे नाहीत, हा त्यांचा हट्ट. जिन्यावरून नारळ सोडायचे, उतारावरून रिकामी बैलगाडी सोडायचे, आणि वही घेऊन तिच्यामागे पळायचे.

भिजलेल्या काळ्या रानात वस्तू किती घसरते हे मोजायला ते माझ्याबरोबर माझ्या गावी, मुखेडला आले. एसटीत मांडीवर स्प्रिंगचा काटा. आमच्या बापूकाकांनी बैल दिला, मागे तुरीचं पोतं बांधलं, मधे काटा अडकवला आणि दिवसभर रानात फेऱ्या घातल्या.

"मास्तर, रान इकत घ्यायचंय का?" काकांनी विचारलं.

"न्हाई बापू. तुमचा चिखल न्यायचाय."

"न्या की, लई हाय. पर कशात नेता?"

सरांनी वही दाखवली. बापूकाका हसून हसून बांधावरच बसले.

सर मूळचे देवणीचे. तिकडे बैल बाजारात उभा राहिला की दात नंतर बघतात, आधी विचारतात, "कुणाच्या दावणीचा?" बैल चार हात फिरला तरी पहिल्या दावणीचं नाव त्याच्याबरोबर चालतं. ते लपवलं की माणसाची बाजारातली पत गेली. काम पुरं झाल्यावर सरांनी ते सॉफ्टवेअर कॉलेजच्या वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. कुणीही न्या, बदला, तुमच्या गेममध्ये वापरा. अट एकच. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर 'दावण' म्हणून काही ओळी होत्या, त्या पुसायच्या नाहीत. पहिलं सरांचं नाव, खाली बाकीच्यांची. 'ओल्या काळ्या रानाचा आकडा: बापूकाका, मुखेड.' मी म्हणालो, "सर, हे वाचणार कोण?"

"वाचू नका, मुखेडकर. पुसू नका म्हंजे झालं."

पुढे मी गेम बनवणाऱ्या एका कंपनीत पुण्याला गेलो. जाताना सरांचं काम बरोबर नेलं, त्यात गैर काहीच नव्हतं. साहेबांना दाखवलं. पडद्यावरची जीप चिखलात खरी रुतते तशी रुतली, चाक जागेवर गरगरत राहिलं. साहेब म्हणाले, "हे तू लिहिलंस?" मी हो म्हणालो. मला कुणी धमकावलं नव्हतं, मी अडचणीतही नव्हतो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी सगळ्या दावणी पुसल्या. भेंडीची भाजी होती. बोटं तेलकट म्हणून करंगळीने बटण दाबत होतो. सख्ख्या काकाचं नावही त्याच करंगळीने गेलं. आजही डब्यात भेंडी निघाली की डबा तसाच बंद करतो.

काही वर्षांनी कंपनीने ठरवलं की हे सॉफ्टवेअर जगाला खुलं करायचं. मोठा हॉल, फुलं, शाल. 'समाजाला परत देणं' हे शब्द त्या दिवशी इतक्यांदा ऐकले की कान धुवावेसे वाटले. कॉलेजने ते जुनं पान कधीच बंद केलं होतं, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. सरांनी आधीच सगळ्यांना देऊन टाकलेली वस्तू मी चोरली आणि पुन्हा दान केली, आणि लोक मला दिलदार म्हणत होते.

पुसताना आत कुठेतरी एका आकड्याचं नाव तसंच राहून गेलं होतं: चिखल. पडद्यावर ते वाचून समोरच्या रांगेतल्या एका मुलीने उठून विचारलं, "सर, हे नाव कुठून आलं?" मी म्हणालो, "माझ्या काकांच्या रानातून." टाळ्या थांबेनात. ते पुरतं खोटं नव्हतं, म्हणून जास्त घाण होतं. शालीला अत्तराचा वास होता. ती मी गाडीतच ठेवली आणि पुढे ड्रायव्हरला देऊन टाकली.

सहा महिन्यांनी, बाहेरचे लोक आमच्या चुका दुरुस्त करून पाठवू लागले त्यात, देवणीहून एक दुरुस्ती आली. 'उतारावर चाक थरथरतं. नीट करून पाठवलं आहे. बघून घ्यावे.' खाली सरांचं नाव. निवृत्त होऊन ते गावी राहत होते. तक्रारीचा एक शब्द नाही. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही, संताप आला. या माणसाला शिवी देता येत नाही का?

दुरुस्ती पाठवणाऱ्याने आमच्या एका फॉर्मवर सही करायची असते: 'हे काम पूर्णपणे माझे स्वतःचे आहे.' तो मजकूर मीच मंजूर केलेला. तो मी सरांना पाठवला. उत्तर आलं: 'अशी सही करता येणार नाही. चाकाची खोट आमच्या गावच्या सुताराने दाखवली. त्यांचे नाव घालायला जागा द्यावी, लगेच सही करतो.' आणि त्याखाली एक ओळ: 'मुखेडकर, बापूकाका बरे आहेत ना?'

म्हणजे माणसाला सगळं माहीत होतं.

मी उत्तर लिहिलं की फॉर्ममध्ये तशी सोय नाही. दुरुस्ती न स्वीकारताच बंद करून टाकली. बापूकाका त्याआधीच वारले होते, तेवढंही मी कळवलं नाही.

सर गेल्याचं लातूरच्या एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं. दहा-बारा दिवसांनी देवणीला गेलो. काकूंनी ओळखलं. "या मुखेडकर. तुमचं लई कौतुक हुतं त्यांना." त्यांनी सरांचा लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "मला यातलं काई कळत न्हाई. तुमीच बघा, कामाचं हाय का ते."

पहिलीच फाइल उघडली. डोक्यावर दावण. सर, बापूकाका, गावचे सुतार. आणि त्यांच्या मधे एक ओळ, लातूरच्या दिवसांतली: 'वजाबाकीतली चूक काढून दिली: मुखेडकर.' एक चिन्ह उलटं पडलं होतं, ते मी कधीतरी चहा पिता पिता दाखवलं होतं. मी त्यांचं नाव पुसल्याचं कळल्यावरही त्यांनी माझं पुसलं नव्हतं.

"हाय का कामाचं?" काकूंनी विचारलं.

"हाव," म्हणालो. चहा घेतला आणि निघालो.

आमच्या फाइलच्या डोक्यावर आजही एकट्या माझं नाव आहे. मी त्या विभागाचा प्रमुख आहे, बदल करायला मला कुणाची परवानगी लागत नाही. सरांचं नाव, बापूकाकांचं नाव, सुताराचं नाव, आणि ही नावं मी पुसली होती असं सांगणारी एक ओळ, एवढं मी देणं लागतो. लिहायला दोन मिनिटं पुरतात. अजून लिहिलेलं नाही.