नमुने मुरुमचेच

पीएच.डी.च्या संशोधनाचं पहिलं वर्ष संपलं तेव्हा समितीपुढं मांडण्यासारखं माझ्याकडं फारसं काही नव्हतं. मुरुम आणि आसपासच्या गावांतल्या रुग्णांचं रक्त मी कधी एसटीनं, कधी नवऱ्याच्या मोटारसायकलवर सोलापूरच्या प्रयोगशाळेत नेत होते. पोचेपर्यंत बऱ्याच नळ्या वाया गेलेल्या असत. कुठं नळीतच गुठळी, कुठं उन्हानं आणि धक्क्यांनी पेशी फुटून रक्ताचं वरचं पाणी लालसर झालेलं. समितीतले एक ज्येष्ठ प्राध्यापक समजुतीच्या सुरात म्हणाले, "शहरातलेच रुग्ण घ्या की. खेड्यातल्या नमुन्यांवर हा विषय तडीला जायचा नाही."

"विचार करते, सर," म्हणून मी बाहेर आले. पण विचार करण्यासारखं काही नव्हतं. शहरातले रुग्ण घ्यायचे तर मी हा विषय घेतलाच नसता.

माझं माहेर येरमाळ्याचं. वडिलांचं, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, हायवेला चहाचं हॉटेल होतं. एका दुपारी चहा गाळता गाळता त्यांच्या उजव्या हातातलं भांडं सुटलं आणि तोंड वाकडं झालं. अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणाले. पुढं मोठ्या दवाखान्यात कळलं, की त्यांच्या हृदयाचे ठोके कित्येक दिवसांपासून बेताल पडत होते. ठोका असा बिघडला की हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त रेंगाळतं, रेंगाळलं की गोठतं आणि ती गुठळी सुटून मेंदूत जाते. गोळ्यांनी हे बरंचसं टाळता येतं. पण त्यांच्या छातीची पट्टी, ईसीजीची, कुणी कधी काढलीच नव्हती. दादा नंतर काही वर्षं जगले, पण बोलले नाहीत. मी तेव्हा जीवरसायनशास्त्र शिकत होते. लग्न होऊन मुरुमला आले, कॉलेजात शिकवायला लागले, तरी तो विषय डोक्यातून गेला नाही. बेताल ठोक्याच्या माणसाच्या रक्तात गुठळीची चाहूल आधी लागते का, आणि ती आमच्यासारख्या गावात ओळखता येते का, एवढंच मला शोधायचं होतं.

रक्त यंत्रापर्यंत टिकत नव्हतं, म्हणून यंत्रच रक्ताजवळ न्यायचं मी ठरवलं. काढलेलं रक्त लगेच गरगर फिरवून त्यातलं पिवळसर पाणी वेगळं केलं आणि बर्फासारखं गोठवून ठेवलं, की ते पुढं निवांत नेता येतं. मुरुमच्या एका डॉक्टरांनी ड्रेसिंगच्या खोलीमागची जागा दिली. सोलापुरातली एक लॅब बंद होत होती, तिथलं फिरवायचं जुनं यंत्र आम्ही जीपमधून आणलं. खड्डा आला की मी ते दोन्ही हातांनी उचलून धरत होते. नवरा म्हणाला, "पोराला पण इतकं जपलं न्हाईस."

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ऐकून घेतलं आणि एक अट घातली. "प्रत्येक माणसाच्या दोन नळ्या घे. एक मुरुमला लगेच फिरव, दुसरी नेहमीसारखी सोलापूरला आण. दोन्ही तपास. फरक तुझ्या तोंडानं सांगू नकोस, निकालानं सांग."

यंत्र आलं, पण माणसं येईनात. डॉक्टरांकडं येणारे रुग्ण तयार व्हायचे. तुलनेसाठी मला धडधाकट माणसंही हवी होती. "काही दुखत न्हाय तर रगत कशाला द्यायचं?" हा प्रश्न मला गल्लोगल्ली ऐकायला मिळाला.

माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, आमच्या कापडदुकानात ब्लाउजपीसच्या काउंटरला बसतात. निम्म्या बायकांशी मराठीत बोलतात, निम्म्यांशी कानडीत. माझी वणवण त्यांनी काही दिवस पाहिली आणि एका सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसल्या.

"चल. माझं काढ. मला काय झालंय? मी दिलं म्हणलं की बाकीच्या येतील."

मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. रक्त काढलं, दोन्ही नळ्या भरल्या. मग छातीला तारा लावून पट्टी काढली. कागद यंत्रातून सरकत बाहेर येत होता आणि मी बघत होते. दोन ठोक्यांमधलं अंतर कुठंच सारखं नव्हतं. एक जवळ, एक लांब, पुन्हा दोन जवळ. असे कागद मी तोवर इतके पाहिले होते, की ओळखायला वेळ लागला नाही. मी पट्टी डॉक्टरांकडं सरकवली.

डॉक्टरांनी ती वाचली आणि विचारलं, "अक्का, जिना चढताना धाप लागते?"

"लागती की. वयाला लागायचीच."

डॉक्टरांनी त्यांना शांतपणे सगळं समजावलं. आत्या माझ्याकडं वळल्या.

"म्हंजे तुझ्या दादांसारखं?"

"व्हय, आत्या. पण दादांचं कुणाला कळलं नव्हतं. तुमचं वेळेवर कळलंय."

त्यांनी पदर नीट केला. म्हणाल्या, "मग मी धडधाकट लोकांत बसत न्हाय."

"नाही."

"आन् आजारी लोकांत?"

"घरच्या माणसाला घ्यायचं नाही, असं मॅडमनी सांगितलंय."

"मग रगत फुकटच काढलंस म्हण की."

डॉक्टर हसले, मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. आत्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, जसं काही मीच आजारी होते.

पुढच्याच आठवड्यात त्यांना सोलापूरला नेऊन बाकीच्या तपासण्या केल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. त्या दिवसापासून काउंटरवर कापड मापता मापता त्यांचं बोलणं सुरू झालं. "मला काय दुखत हुतं? कायबी न्हाय. तरी निघालं. जा, पट्टी काढून ये." कानडीत हेच त्या आणखी जोरात सांगत असाव्यात, कारण सीमेपलीकडच्या बायकाही यायला लागल्या. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाक कमी पडू लागला. त्यांतल्या काहींचे ठोके बेताल निघाले आणि त्याही वेळेत औषधावर गेल्या.

प्रबंध पुरा झाला. खुल्या मुलाखतीला कुणालाही बसता येतं, म्हणून आत्या इरकल नेसून पहिल्या रांगेत बसल्या. बाहेरच्या राज्यातून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीतून तोच प्रश्न विचारला, ज्याची मला वर्षानुवर्षं धास्ती होती. खेड्यात घेतलेल्या नमुन्यांवर विश्वास का ठेवायचा?

मी पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी लावले. त्याच त्या माणसांच्या रक्ताचे, एक मुरुमला फिरवलेल्या नळ्यांचा, दुसरा सोलापूरपर्यंत प्रवास केलेल्या नळ्यांचा. पहिल्यात गुठळीची चाहूल स्वच्छ दिसत होती, दुसऱ्यात सगळा गोंधळ होता. "सर, खेड्यातल्या रक्तात दोष नव्हता," मी म्हणाले. "दोष त्याला घडवलेल्या प्रवासात होता."

त्यांनी चष्मा काढला, आलेख पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "हेच काम प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं." मग अध्यक्षांनी उभं राहून माझ्या नावाआधी डॉक्टर लावलं. सभागृहात टाळ्या वाजल्या. मॅडमनी मला जवळ घेतलं.

परतताना नळदुर्गच्या पुढं एका धाब्यावर थांबलो. नवऱ्यानं शेंगाची चटणी आणि भाकरी मागवली. मालकानं आत्यांची इरकल बघून विचारलं, "लग्नाला गेलता काय?"

"न्हाय. सून डॉक्टर झाली."

"कशाची?"

आत्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि ठोका कसा चुकतो, रक्त कुठं रेंगाळतं, गुठळी कुठं जाते, हे त्याला पहिल्यापासून सांगितलं. शेजारच्या बाजेवर कर्नाटकातले दोन ट्रक ड्रायव्हर जेवत होते. ते कान देऊन ऐकतायत म्हटल्यावर आत्यांनी तेच कानडीत पुन्हा सुरू केलं. एकही गोष्ट त्यांनी चुकीची सांगितली नाही. मला कडाडून भूक लागली होती. मी आणखी एक भाकरी मागितली आणि ऐकत बसले.