शिट्टी हातात आली तेव्हा

नव्वदच्या दशकात मी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होतो आणि कारखान्याच्या फुटबॉल संघात बचावपटू. डभोईच्या एका सामन्यात माझा गुडघा गेला. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी खेळणं बंद केलं. आमच्या गुजराती साहेबांनी बोलावून हातात शिट्टी दिली. "ब्राझीलमां पण डिफेंडर पछी कोच बने छे," ते म्हणाले; म्हणजे तिथेही बचावपटू पुढे कोच होतात. मी हो म्हटलं.

"वाईट वाटतंय का?" बायकोने घरी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणालो, आणि खरंच माहीत नव्हतं.

माझ्या जागी पाणीगेटला राहणारा एक वेल्डर आला. समोरचा कितीही झुलला तरी नजर बॉलवरच ठेवायची, हे मी त्याला महिनाभर शिकवलं. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात त्याने शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून बॉल परतवला आणि कारखान्याला पहिल्यांदा कप मिळाला. सगळ्यांनी मला खांद्यावर घेतलं. मी हात हलवला, कारण तसं करायचं असतं.

खाली उतरल्यावर वेल्डरने विचारलं, "दादा, तुम्ही असता तर हा बॉल परतवता आला असता?"

"नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, आणि बोलताना मला काहीच वाटलं नाही. पुढे अकरा वर्षं मी त्या संघाचा कोच होतो.