घुंगरूचं अभ्यंगस्नान

आता काय सांगू तुम्हाला! यंदाच्या दिवाळीत माझी जी शोभा झाली, ती आठवली की अजून डोकं तापतं. आणि चूक माझी नव्हती, हे आधीच सांगते. हसायचं नाही!

आमच्या पल्लवीनं, म्हणजे लेकीनं, एक पूडल कुत्रा पाळलाय. नाव घुंगरू. अंगभर कुरळे केस, नुसता लोकरीचा गुंडा. ती ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेली आणि त्याला प्रताप नगरला माझ्याकडे ठेवून गेली. जाताना दहादा बजावलं, "आई, त्याच्या केसांत माझा जीव आहे. रोज विंचरजो. अन् तुझं डोकं चालवू नको."

मला शिकवते! हिचे स्वतःचे केस कसले कुरळे! शाळेत जाताना ते कोण बसवायचं? खोबरेल तेल चोपडून मीच ना? मग कुत्र्याचे केस काय वेगळे असतात?

मी दर रविवारी कोमट तेलानं त्याची चंपी केली. रोज न चुकता कंगवा फिरवला. घुंगरू असा चमकायला लागला की शेजारच्या बाया विचारायच्या, "काकू, कोणता शांपू लावता वं?"

नरकचतुर्दशीला घरातल्या सगळ्यांचं अभ्यंगस्नान झालं. मग त्या मुक्या जिवानं काय पाप केलंय? त्यालाही तेल लावलं, उटणं चोळलं, ऊन पाणी घातलं. पण उटणं काही निघेना बाप्पा! वाळल्यावर तर घुंगरू सारवलेल्या भिंतीसारखा कडक झाला. आणि पल्लवी संध्याकाळी येणार होती.

सणाच्या दिवशी उघडं असलेलं कुत्र्यांचं पार्लर शेवटी पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, जरीपटक्यात सापडलं. तिथल्या बाईनं घुंगरूच्या केसांत बोटं घातली, ती तिथंच अडकली.

"काकू, हे केस नाही राहिले, घोंगडं झालं. वरवर मऊ, अन् आत कातडीपर्यंत गाठीच गाठी. मशीननं उतरवाच लागन."

"दिवाळीच्या दिवशी मुंडण? काहून वं, विंचरता नाही येत तुम्हाले?"

"ओढलं तर त्याले दुखन ना, काकू!"

"काय करायचं ते करा. मले माझा घुंगरू नीट पाहिजे!" असा दम भरून मी मिठाई घ्यायला बाजारात गेले.

परत आले, तर बाईनं माझ्यापुढं एक काटकुळं, गुळगुळीत जनावर धरलं. सोललेल्या काकडीसारखं!

"घ्या काकू, तुमचा घुंगरू."

"हा? हा आमचा नाहीच!"

तेवढ्यात मला मागच्या टेबलावर कोण दिसलं? कुरळा, फुललेला, गळ्यात रिबीन बांधलेला घुंगरू! "हा काय माझा! झाला ना नीट? मग ते सोललेलं माझ्या गळ्यात काहून बांधून राहिल्या?"

बाई ओरडत राहिली, पण तिच्या दोन्ही हातांत तो टकला वळवळत होता. मी टेबलावरचा घुंगरू काखेत मारला आणि सरळ ऑटोत बसले. मला फसवता काय!

घरी आल्यावर पार्लरवालीचे फोनवर फोन. मी प्रत्येक वेळी कापला. हे म्हणाले, "अवं, एकदा उचलून तर पाह्य."

"चोरांशी मी बोलत नसते!" असं म्हणून मी घुंगरूला पाटावर बसवलं आणि ओवाळलं.

संध्याकाळी पल्लवी आली. बॅग टाकून धावली आणि मध्येच थबकली.

"आई, हे कोण होय?"

"घुंगरू! आपलं लेकरू ओळखत नाही का?"

"आई, ही मादी आहे वं!"

ह्यांनी वाकून पाहिलं आणि मटकन सोफ्यावर बसले.

तसेच निघालो जरीपटक्याला. त्या कुत्रीची मालकीण दारातच उभी, रडून रडून डोळे लाल. पोलिसांत जायलाच निघाली होती म्हणे. मी तरी काय करणार? म्हटलं, "चांगली ओवाळलीये तिले! उपाशी नाही ठेवलं!" त्यावर ती आणखीनच रडायला लागली.

तो टकला मात्र पल्लवीला सोडून माझ्याच पदराला झोंबायला लागला. पल्लवीचे डोळे भरून आले. "केस येतीन त्याचे, आई. पण तू त्याले ओळखलंच नाही?"

आता मात्र माझं डोकं सटकलं. सगळ्यांच्या देखत मी ठणकावून सांगितलं, "कशी ओळखू? एवढे दिवस रोज विंचरलं मी त्याले! त्याची कातडी मले कधी एकदा तरी दिसली का?"

पल्लवीनं डोळे पुसले आणि शांतपणे विचारलं, "मग आई, तू विंचरलं काय वं?"