सासूबाई, ग्रेस आणि आमिश कादंबरी

गेल्या गुरुवारी ऑफिसमधून हाफ डे घेतला आणि इथे इंग्लंडात, मेडनहेडमधल्या एका प्रायमरी स्कूलच्या असेंब्लीला जाऊन बसले. माझी मुलं त्या शाळेत नाहीत... माझ्या सासूबाई आहेत.

आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) सहा वर्षांपूर्वी साताऱ्याहून कायमच्या आमच्याकडे आल्या. मराठी माध्यमातली जुनी अकरावी. इंग्रजी वाचता यायचं, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की "माझं मेलीचं इंग्रजी कसलं" म्हणून मागे सरायच्या. जीपीकडे, म्हणजे इथल्या डॉक्टरकडेसुद्धा त्यांच्या वतीने मीच बोलायचे.

मग लायब्ररीत त्यांना मोठ्या टाइपातल्या आमिश प्रेमकथा सापडल्या. आमिश म्हणजे अमेरिकेतले ते लोक... घोडागाडीने फिरणारे, शेती करून देवाधर्मात राहणारे. यात एवढं काय आवडतं, असं मी विचारलं. म्हणाल्या, बायका डोकं झाकतात, प्रार्थनेशिवाय जेवत नाहीत, बरण्या भरभरून लोणची घालतात, आपलंच वाटतं. शिवाय नायक नुसता हात धरायला दोनशे पानं घेतो.

त्यातल्या एका कादंबरीने मात्र त्यांना धरूनच ठेवलं. नायिका पायाने अधू. देवाने आपल्याला कशासाठी जन्माला घातलं हेच तिला कळत नसतं... आणि तिच्या घरी शहरातली बिथरलेली मुलं राहायला येतात. जेवताना रोज मला पुढची गोष्ट ऐकायला मिळायची.

त्याच सुमारास लायब्ररीत नोटीस लागली, शाळेत मुलांचं वाचन ऐकायला व्हॉलंटियर हवेत. आई ती दोनदा वाचून परत आल्या. शेवटी फॉर्म मी भरला, सही त्यांनी केली.

त्यांच्या वाट्याला नऊ वर्षांची एक मुलगी आली. तिला इथे ग्रेस म्हणू. तिचं हे तिसरं फॉस्टर घर, म्हणजे सांभाळायला दिलेलं परकं कुटुंब. पुस्तक दिलं की फेकायची, "मी ढ आहे" म्हणायची आणि टेबलाखाली जाऊन बसायची.

तीन आठवडे असेच गेले. आई म्हणाल्या, त्या पोरीला चांगलं इंग्रजी येणारी बाई हवी, मी येत नाही म्हणून कळवून टाक. मी म्हटलं, अजून एकदा जाऊन बघा.

चौथ्या आठवड्यात ग्रेस पुन्हा टेबलाखाली. आईंना काही सुचेना. त्यांनी पिशवीतून तीच आमिश कादंबरी काढली आणि मोठ्याने वाचत बसल्या. नायिका पावासाठी कणीक मळत होती. कणकेच्या इंग्रजी शब्दाशी आई अडल्या आणि 'डफ' म्हणाल्या.

टेबलाखालून आवाज आला, "डफ नाही. डो."

आईंनी पुस्तक खाली धरलं. "मग पुढचं तूच वाच. मला खरंच येत नाही."

ग्रेसने अडखळत एक ओळ वाचली. मग अर्धं पान...

मुद्दाम चुकलात ना, असं मी नंतर विचारलं. तर म्हणाल्या, "नाही गं, मला डफच वाटत होतं."

तेव्हापासून दर गुरुवारी दोघी आळीपाळीने वाचतात. आई अडल्या की ग्रेस सांगते. अवघड शब्द आई आधीच अर्थासकट वहीत उतरवून नेतात. मुलीला थांबायला लागू नये म्हणून.

तर गुरुवारची ती असेंब्ली. ग्रेस हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचायला उभी राहिली, शेजारी खुर्चीवर आई. एका शब्दाशी ती थांबली. आईंनी सांगितला नाही, नुसत्या तिच्याकडे बघत राहिल्या... आणि तिने तो काढला. पान संपवलं. टाळ्या थांबल्यावर ती आईंकडे बोट दाखवून म्हणाली, "या मिसेस जाधव. मी यांना इंग्रजी शिकवते."

हॉलमध्ये हसू पसरलं. मला वाटलं, आता आई खाली बघणार. पण त्या उठल्या, ग्रेसच्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या हॉलमध्ये स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "शी इज अ व्हेरी गुड टीचर."

माझ्या डोळ्यांचं काय झालं ते सांगत नाही.

बाहेर पडताना रिसेप्शनवरच्या बाईने विचारलं, तुम्ही कुणाबरोबर? मी मिसेस जाधवांची सून आहे, असं इतक्या तोऱ्यात सांगितलं की ती बाईच हसली.

गाडीत बसून आईंनी पट्टा लावला. मग म्हणाल्या, "माझं इंग्रजी चांगलं असतं ना, तर ती पोर टेबलाखालीच राहिली असती गं."

अशा बाईच्या घरात मी सून म्हणून आले, एवढंच देवाचे आभार मानायला पुरेसं आहे.