फळीवरचं कापड

गंगाखेडला, माहेरी, बाळंतपणात माझी पत्नी वारली. मूलही गेलं. तिला लग्नातलं लुगडं नेसवून नदीवर नेलं. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला तेच नेसवतात. बाकीची लुगडी तेराव्याला नात्यातल्या बायकांना वाटली.

तेव्हा आमच्याकडे सरकारी शाळा उर्दूतून चालत; मी परभणीच्या शाळेत हिशेब शिकवत होतो. तिचं माहेर रंगाऱ्याचं. सासरे लाकडी ठशांनी लग्नाची लुगडी छापत. छापायच्या फळीवर जाड कापड खिळ्यांनी ताणून बसवलेलं असे आणि लुगड्यातून पाझरलेला रंग त्यात उतरे. लग्नानंतर पहिल्यांदा तिकडे गेलो, तेव्हा तिनं ते मला दाखवलं.

"काय दिसतंय, मास्तर?"

"डाग."

"डाग? अवो, साऱ्या तालुक्याच्या सुना हायत त्या. मी बी हाय त्यात. हुडका."

त्या घरातली मुलगी आपल्या लग्नाच्या लुगड्यावर पहिला ठसा स्वतः मारते. माझ्या पत्नीचा हात तेव्हा हलला होता आणि काठाची रेघ वाकडी गेली होती. फळीवरच्या कापडात मला ती रेघ सापडली नाही. "ऱ्हाऊ द्या, पुढल्या खेपेला," म्हणून ती हसली.

तेराव्यानंतर मी सासऱ्यांकडे ते कापड मागितलं.

"जावईबापू, काय करताव त्याचं?"

त्यांनी स्वतःच खिळे उपसले. घडी माझ्या हातात देताना एवढंच म्हणाले, "धुऊ नका."

परभणीला खोलीत मी ते मेजावर पसरलं आणि पुस्तकाचं पान वाचावं तसं वरून खाली पाहत गेलो. एकही फूल पुरतं नव्हतं. अर्धी पाकळी काळ्यात बुडालेली. लालावर लाल चढलं तिथं जांभळट सावली. रेघेवर रेघ. माझ्या हाती काही लागेना.

मग एका कडेला मळ दिसला. छापणाऱ्याचे गुडघे टेकत ती ती कड. मी कापड जमिनीवर घेतलं, कड गुडघ्यांशी ओढली आणि ठसा मारताना ती बसली असेल तसा बसलो. उजव्या हाताशी एक लाल रेघ सरळ निघून अचानक वर चढली होती, काळ्या वेलीखाली शिरून पलीकडे पुन्हा निघाली होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. सांगायला खोलीत कुणी नव्हतं.

ते कापड माझ्या पेटीत आहे. धुतलेलं नाही. लाल रंग विटकरी झाला आहे. रेघ अजून दिसते.