फवाऱ्याविना विषबाधा

समोर काहीही नसताना माणसाला मरणाची भीती का वाटावी, असे सोमनाथ गावित याने मला एकदा विचारले होते. माझ्याआधी त्याने हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारला होता. प्रत्येकाने काही ना काही उत्तर दिले होते आणि त्यातल्या एका उत्तराने त्याचा जीव जवळजवळ घेतला होता.

सोमनाथ पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. भातकापणी उरकली की तिथली तरुण जोडपी घाट चढून दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला जात. १९९७ साली तो बावीस वर्षांचा होता आणि नुकतीच लग्न होऊन आलेली हर्षाली त्याच्याबरोबर होती. त्यांच्या टोळीचा मुकादम निवृत्ती. काम एकरावर उक्ते घेतलेले आणि येणारी मजुरी सर्व जोड्यांत सारखी वाटलेली, अशी रीत होती. त्यामुळे एक जण बसला की त्याचा भार इतरांच्या हातांवर पडे. बसणाऱ्याला कोणी घालवून देत नसे. पुढच्या दसऱ्याला मुकादम त्याच्या घरी निरोप द्यायला येत नसे, एवढेच. सोमनाथच्या घरी जमीन उताराची आणि थोडी होती. टोळीतून नाव गेले तर दोघांना वर्षभर पुरेल असे दुसरे काम नव्हते.

डिसेंबरात डिपिंग चालू होते. मांडवाखाली उभे राहून मणी फुगवणाऱ्या द्रावणाचा मग एकेका घडाखाली धरायचा, घड बुडवायचा आणि पुढे सरकायचे. दुपारी शेजारच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर सुरू झाला. सोमनाथच्या छातीत अचानक धडधड वाढली, हाताला मुंग्या आल्या. हातातला मग खाली टाकून तो ओळीतच बसला.

"हर्षाली, माझा जीव चालला," तो म्हणाला.

द्राक्षपट्ट्यात बागेत माणूस कोसळला की त्याचे कारण शोधावे लागत नाही. तशी माणसे सगळ्यांनी पाहिलेली असतात. निवृत्तीने त्याला जीपमध्ये घातले आणि जवळच्या एका खासगी दवाखान्यात जाताच सांगितले, "फवारा अंगावर आला, डॉक्टर. विषबाधा हाय."

वारा उलट्या दिशेचा होता आणि सोमनाथच्या अंगावर थेंबही आला नव्हता. पण निवृत्ती खोटे बोलत नव्हता. त्याला दुसरे कारण माहीतच नव्हते. डॉक्टरांनीही ते मानून घेतले आणि विषावरचा उतारा म्हणून अॅट्रोपिनची इंजेक्शने सुरू केली. विष अंगात नसेल तर हे औषध स्वतःच छळते. सोमनाथची जीभ लाकडासारखी कोरडी पडली, नाडी आणखी वेगाने धावू लागली, बुबुळे पसरून समोरचे सगळे पुसट झाले. खाटेशेजारच्या पडद्यावर त्याला माणसे चढताना दिसू लागली. त्याने सलाइनची नळी उपटली, तेव्हा दोघांनी त्याचे हात खाटेला बांधले. विष डोक्यात गेले आहे, असे त्याला सांगण्यात आले.

या उपचाराने सोमनाथची भीती पक्की झाली. आधी ती कशाची आहे हे त्याला कळत नव्हते. आता तिला नाव मिळाले होते. अंगात विष उरले आहे आणि ते केव्हाही उसळेल, या धास्तीने तो दिवसभर स्वतःची नाडी चाचपू लागला. ट्रॅक्टरचा आवाज आला की बागेबाहेर पळू लागला. त्याची आई कुसाबाई पाड्यावरून आली आणि त्याला भगताकडे घेऊन गेली. भगताने वारे लागल्याचे सांगून उतारा केला. चार दिवस बरे गेले. नंतर पुन्हा तेच.

टोळीत हसणे सुरू झाले होते. "याला मग नका देऊ, पाळणा द्या," असे चंदर म्हणाला की बायकासुद्धा हसत. चंदर मनाचा वाईट नव्हता; सोमनाथच्या वाट्याच्या ओळी तोच पुऱ्या करत होता.

जानेवारीत सोमनाथ पुन्हा कोसळला. बागायतदाराने दुसऱ्यांदा खासगी दवाखान्याचा खर्च नाकारला, म्हणून निवृत्ती आणि चंदर यांनी त्याला नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात नेले. हर्षाली बरोबर होती. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी कपड्यांचा वास घेतला, डोळ्यांत उजेड टाकला आणि विचारले, "काय प्यायलास? खरं सांग."

"प्यायला कशाला, साहेब? लगीन होऊन वरीस नाय झालं," निवृत्ती म्हणाला. "फवाराच आला अंगावर."

"कपडे कोरडे आहेत. वास नाही."

दाराशी पोलीस उभा होता. जीव देण्याचा प्रयत्न हा त्या काळी गुन्हा होता. निवृत्ती सोमनाथच्या कानाशी वाकला. "फवाराच सांग. दुसरं बोललास तर हिकडं पोलीस हाय आन् तिकडं टोळी हाय."

हर्षालीने हे ऐकले. ती पायाशी उभी होती. "खरं सांग," ती म्हणाली. "नायतर ती सुई परत टोचतील."

सोमनाथने मला सांगितले की त्या क्षणी त्याला पोलिसाची भीती वाटली नाही आणि मुकादमाचीही नाही. पडद्यावर चढणारी माणसे आठवली.

"साहेब, काय प्यायलो नाय. फवारा पण नाय. मला भ्या वाटतं. कशाचं ते ठाव नाय."

चंदरने विचारले, "भ्याचं इंजेक्शन असतं का, साहेब?"

"इंजेक्शन नसतं," डॉक्टर म्हणाले. "खोली असते." आणि त्यांनी त्याला मनोविकार विभागाकडे जायला सांगितले.

त्या खोलीबाहेर एका माणसाला त्याच्या भावांनी दोरीने धरून बसवले होते. तो कोणालाच काही करत नव्हता, केवळ भिंतीकडे पाहत होता. आपले हेच होणार, असे वाटून सोमनाथ मागे फिरला आणि थेट एस.टी. स्टँडपर्यंत गेला. हर्षालीने त्याला तिथून परत आणले. वाटभर तिने त्याचे मनगट सोडले नाही.

आतल्या डॉक्टर बाई वयस्कर होत्या. त्यांनी त्याची सगळी हकिगत ऐकली, नाडी मोजली आणि म्हणाल्या, "छाती धडधडते म्हणून तू घाबरतोस. घाबरतोस म्हणून ती आणखी धडधडते. थोड्या वेळाने आपोआप उतरतं. यात जीव जात नाही."

"आन् गेला तर?"

"तर मंगळवारी मी इथेच असते. येऊन सांग."

हा विनोद आहे हे त्याच्या फार उशिरा लक्षात आले. मात्र मंगळवार त्याने ध्यानात ठेवला. केसपेपर नाममात्र पैशांत निघे, गोळ्या असल्या तर फुकट मिळत. महाग पडे तो बुडालेला रोज. उन्हाळ्यात पाड्यावर असताना, बरे वाटते म्हणून त्याने गोळ्या एकदम बंद केल्या आणि भीती पहिल्यापेक्षा जोरात परतली. पेठहून नाशिकला येणाऱ्या गाडीत खिडकीचे गज धरून तो पूर्ण रस्ता डोळे मिटून बसला होता. बाई रागावल्या नाहीत. गोळ्या हळूहळू कमी करायच्या असतात हे त्यांनी त्याला पुन्हा सांगितले, आणि या वेळी हर्षालीलाही.

१९९८च्या दसऱ्याला निवृत्ती त्यांच्या घरी आला नाही. ज्याची सर्वांत जास्त धास्ती होती तेच झाले. त्या हंगामात हर्षाली एकटीच आपल्या मामाच्या टोळीबरोबर गेली आणि सोमनाथने घरची नागली, म्हणजे नाचणी, काढून मंगळवार सांभाळले. पुढच्या हंगामात मामाने त्यालाही घेतले. ट्रॅक्टर सुरू झाला की मला थोडा वेळ बसू द्यावे, असे त्याने पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून टाकले. मामा म्हणाला, "बस की. पण बसल्या जागी खालचे घड कर."

त्याच्या गोळ्या २००० साली बंद झाल्या. भीती अधूनमधून येते, असे तो सांगतो, आणि सांगताना अजूनही त्याचा हात मनगटाकडे जातो.

२००६ सालच्या डिसेंबरात सोमनाथ आणि हर्षाली मोहाडी शिवारातल्या एका बागेत डिपिंगच्या कामावर होते. ट्रॅक्टर सुरू झाला की तो बसून खालचे घड करत असे, आणि तसाच बसलेला असताना त्याने मला तो प्रश्न विचारला.