चाळीचा नळ आणि डॉक्टरांची फेरी

विहिरीवर बायका गप्पा मारतात, पण विहिरीबद्दल कोणी काही सांगत नाही. नळाचं तसं नाही. कर्जत स्टेशनामागच्या आमच्या रेल्वेच्या चाळीत नळ आला, तेव्हापासून आठवड्याला एक तरी किस्सा होतोच. माझे वडील, म्हणजे दादा, त्या नळाचे मिस्त्री. त्यामुळे सगळे किस्से शेवटी आमच्या ओटीवर येतात आणि मला दाराआडून ऐकायला मिळतात.

यंदा उन्हाळ्यात मात्र नळावरच गंडांतर आलं. नदीकाठच्या गावांत पटकीची साथ पसरली आणि रेल्वेच्या डॉक्टरांचा निरोप आला, की टाकी आणि पाइप धुऊन ठेवा, मी येऊन पाणी पाहीन. पसंत पडलं नाही तर नळ बंद. मग पाणी टेकाडाखालच्या विहिरीवरून. आईला आठवा महिना होता. भरला हंडा घेऊन ती चढण तिला झेपली नसती. दादा तसं बोलले नाहीत, पण टाकी घरच्या पातेल्यासारखी घासू लागले.

* * *

टाकी काथ्यानं घासून झाली की दादा पाण्यात तांबडं औषध घालतात आणि नळ सोडतात. सगळीकडे गुलाबी पाणी आलं की ते रात्रभर पाइपात ठेवायचं आणि सकाळी रंग जाईपर्यंत वाहू द्यायचं. त्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही.

शेजारचे साळुंखेकाका रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन आहेत. त्यांच्या भाच्याचं लग्न होतं. त्यांनी गुपचूप आपला पांढरा फेटा नळाखाली धरला. ओला होता तोवर काय गुलाबी दिसत होता! वाळल्यावर तपकिरी झाला. आता दुसरा कुठला आणणार?

लग्नात व्याह्यांनी विचारलं, "फेटा कातात बुडिवला काय रं?"

काका म्हणाले, "हा रेल्वेचा रंग हाय. तुमाला नाय मिळायचा."

* * *

पाणी चांगलं आहे का, हे दादा रोज सकाळी शेवटच्या नळाचं पाणी तोंडात घोळवून ठरवतात. एकदा म्हणाले, "आज पाण्याला किंचित लोखंडाची चव आहे."

आई म्हणाली, "कालच्या आमटीत मीठ नव्हतं, ते नाही कळलं?"

* * *

पाइप कुठे गळतो ते पाहायला दादा लाकडी दांडकं एका टोकानं पाइपाला आणि दुसऱ्या टोकानं कानाला लावतात. एकदा ते बुकिंग क्लार्क लेल्यांच्या भिंतीशी असे उभे होते. आत लेलेवहिनी नवऱ्याला फैलावर घेत होत्या. खिडकीतून त्यांना दादा दिसले, तशा त्या बाहेरच आल्या.

"मिस्त्री, ऐकलंत ना सगळं? मग तुम्हीच सांगा, चूक कुणाची?"

दादा म्हणाले, "वहिनी, मला फक्त गळती आत आहे की बाहेर, एवढंच कळतं."

"आतच आहे," लेले आतून म्हणाले.

* * *

लेल्यांकडे त्यांच्या आत्याबाई असतात. त्या कडक सोवळ्याच्या. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते हे कळल्यापासून त्या म्हाताऱ्या वयात विहिरीवर जात. शेवटी दादांनी चामडं काढून सुताची चकती बसवली. तोटी तेव्हापासून रात्रंदिवस गळते.

दादा म्हणाले, "आत्याबाई, पाणी वाया जातं हो."

"जाऊ दे. गळकं चालतं मला, बाटलेलं चालत नाही."

* * *

मग डॉक्टर आले, भर दुपारी, घामानं निथळत. दादांनी पहिल्या नळाचं पाणी काचेच्या पेल्यात धरून पुढे केलं. डॉक्टरांनी ते उजेडात पाहिलं, हुंगलं आणि कपाळाला आठी घातली.

"मिस्त्री, पाण्याला वास येतोय."

दुसऱ्या नळालाही वास. तिसऱ्यालाही. आई दाराची चौकट धरून खाली बसली. दादा शिडीवरून टाकीवर चढले, आत हात घातला आणि वाळ्याच्या सुवासिक मुळ्यांची भलीमोठी जुडी बाहेर काढली. डोंगरातल्या ठाकरणी स्टेशनावर विकतात तसली, दोरीला दगड बांधून सोडलेली.

"हे कोणी टाकलं?" डॉक्टरांनी विचारलं.

साळुंखेकाका पुढे झाले. "मी टाकलं सायेब, सकाळी मिस्त्रींनी पानी चाखल्यावर. पन मला आत्याबाईंनी सांगितलं."

आत्याबाई परपुरुषासमोर कधी येत नाहीत. त्या दाराआडून बोलल्या, "पाहुणा एवढ्या उन्हातून येणार. त्याच्यापुढे नुसतं पाणी ठेवायचं? चाळीची काही रीत आहे की नाही? आणि जुडी मी स्वतः धुऊन दिली होती."

डॉक्टरांनी पेला पुन्हा नाकाशी नेला. मग दादांकडे पाहिलं, दारात बसलेल्या आईकडे पाहिलं.

"नळ बंद करत नाही," ते म्हणाले. "पण टाकीत असलं काही पडता कामा नये. आजच्या आज सगळी रिकामी करा, घासा आणि पुन्हा औषध घाला."

"होय साहेब," म्हणून दादा लगेच टाकीचं बूच काढायला वळले.

"थांबा हो मिस्त्री," डॉक्टर म्हणाले, "आधी माझी सुरई भरून द्या."